महाराष्ट्रातील तेल कंपन्यांचे धोरणात्मक निर्णय

भांडवल कोठे व किती गुंतवावे, कच्चे तेल कोणाकडून घ्यावे, कोणते इंधन स्वतः तयार करावे व कोणते विकत घ्यावे, आणि कोणत्या व्यवसायात शिरू नये, यांविषयी तेल कंपन्या घेत असलेल्या दीर्घ पल्ल्याच्या निर्णयांना तेल उद्योगातील धोरणात्मक निर्णय असे म्हणतात. भारतात असे अनेक निर्णय मुंबईत झाले आहेत. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत, इंडियन ऑइलचे नोंदणीकृत कार्यालयही तेथेच आहे आणि देशातील सर्वांत मोठे सागरी तेलक्षेत्र, मुंबई हाय, या शहराच्या पश्चिमेस समुद्रात आहे. निर्णयांचे परिणाम मात्र मुंबईपुरते राहत नाहीत. राजापूर तालुक्यातील सडा, मनमाडजवळील इंधन आगारे आणि संगमनेरसारख्या तालुक्यातील साखर कारखान्याची आसवनी या सर्वांपर्यंत ते पोहोचतात.

स्वरूप

तेल उद्योगातील मालमत्ता दीर्घायुषी असते आणि तिचा नफा ठरवणारी किंमत अल्पायुषी असते, ही या निर्णयांतील मूळ अडचण होय. मुंबईत माहुल व तुर्भे परिसरात असलेले दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकात उभारले गेले. पुढे त्यांचा विस्तार व आधुनिकीकरण झाले, तरी जागा, धक्के आणि नळवाहिन्यांची मूळ दिशा तीच राहिली. याउलट २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील वायदे बाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली, पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरपर्यंत घसरला. आणि दोन वर्षांच्या आत, मार्च २०२२ मध्ये, ब्रेंट तेलाने १३० डॉलरची पातळी ओलांडली. सत्तर वर्षे टिकणारा कारखाना बांधणाऱ्याला दोन वर्षांनंतरची किंमतही ठाऊक नसते.

त्यामुळे या उद्योगातील निर्णय भविष्य अचूक ओळखण्यापेक्षा अनिश्चिततेचा भार कोणी वाहायचा हे ठरवण्याचे असतात. हा भार कंपनी स्वतः घेऊ शकते, पुरवठादारावर टाकू शकते, ग्राहकाकडून वसूल करू शकते किंवा सरकारकडे सोपवू शकते. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या बाबतीत सरकार हेच मालक, किमतीवर प्रभाव टाकणारे आणि कर वसूल करणारेही असल्याने कंपनीचा निर्णय कोठे संपतो व शासनाचा कोठे सुरू होतो, हे नेहमी स्पष्ट नसते.

रशियन तेलाला नकार आणि राष्ट्रीयीकरण

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतातील तेलाचा व्यापार मुख्यतः तीन परदेशी गटांच्या हाती होता. स्टँडर्ड व्हॅक्यूम (नंतरची एस्सो), बर्मा शेल आणि कॅलटेक्स हे ते गट होत. १९५१ च्या सुमारास भारत सरकारने त्यांच्याशी तेलशुद्धीकरण कारखान्यांसंबंधी करार केले. कारखान्यांचे २५ वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही आणि कच्चे तेल आपल्या पसंतीच्या स्रोतातून आणण्याची मुभा राहील, अशी हमी त्यांत होती. त्यानुसार स्टँडर्ड व्हॅक्यूमचा कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा शेलचा १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाला. कॅलटेक्सने विशाखापट्टणम निवडले.

या कंपन्यांचा मोठा नफा शुद्धीकरणात नव्हे, तर आखातातील आपल्याच मूळ कंपन्यांचे कच्चे तेल या कारखान्यांना विकण्यात होता. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने भारताला स्वस्त दरात कच्चे तेल देऊ केले, तेव्हा खाणी व तेल मंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांना ते वापरण्यास सांगितले. कंपन्यांनी नकार दिला. त्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत हा नकार योग्यच होता, कारण स्वतःचे तेल बाजूला सारून दुसऱ्याचे तेल शुद्ध करण्यात त्यांचा लाभ नव्हता. परंतु त्यामुळे सरकारला पर्यायी यंत्रणा उभारण्याचे कारण मिळाले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ऑइल कंपनीने सोव्हिएत संघाकडून तयार इंधन आणण्यास सुरुवात केली. ऑगस्ट १९६० मध्ये सोव्हिएत डिझेलचे जहाज मुंबईच्या पीरपाव धक्क्यावर लागले. पुढे इंडियन ऑइलच देशातील सर्वांत मोठी तेल कंपनी झाली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर परदेशी कंपन्यांचे स्थान आणखी कमकुवत झाले. १९७४ मध्ये एस्सोचा भारतातील व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला आणि हिंदुस्तान पेट्रोलियम अस्तित्वात आली. १९७८ मध्ये कॅलटेक्सचा व्यवसाय तिच्यात विलीन झाला. बर्मा शेलचा व्यवसाय जानेवारी १९७६ मध्ये सरकारकडे आला व १९७७ मध्ये त्या कंपनीला भारत पेट्रोलियम हे नाव मिळाले. २५ वर्षांच्या हमीची मुदत अशा रीतीने जवळजवळ पुरी झाली.

या घटनेचा उत्तरार्ध सहा दशकांनी घडला. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियन तेलाकडे पाठ फिरवली, तेव्हा भारतीय कंपन्यांनी ते सवलतीच्या दराने घेतले. त्यापूर्वी भारताच्या आयातीत रशियन तेलाचा वाटा जवळजवळ नगण्य होता. २०२३-२४ मध्ये तो एकतृतीयांशाच्या वर गेला. १९६० मध्ये ज्या कारखान्यांच्या मालकांनी रशियन तेल नाकारले होते, त्याच कारखान्यांचे नवे मालक आता ते विकत घेत होते. स्वस्त पुरवठादारावरील अवलंबन जितके वाढते, तितका निर्बंधांचा व विमा-वाहतुकीच्या अडथळ्यांचा धोकाही वाढतो, हा प्रश्न मात्र तोच राहिला.

मुंबई हाय

शोध व उत्पादनाच्या क्षेत्रात निर्णयाचे स्वरूप निराळे असते. विहीर खोदण्यापूर्वी तेल आहे की नाही हे निश्चित कळत नाही आणि कोरड्या विहिरीवरील खर्च परत मिळत नाही. १९६० च्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाच्या साहाय्याने झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणात मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली मोठी भूरचना आढळली होती. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने जपानमध्ये बांधून घेतलेल्या ‘सागर सम्राट’ या खोदमंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील क्षेत्रासाठी दोन वर्षांचा हा अवधी फारच कमी म्हणावा लागेल. आयातीचा खर्च एकाएकी चौपट झालेल्या देशाची निकड त्यामागे होती.

घाईचे मोल नंतर चुकवावे लागते काय, हा तेल अभियंत्यांच्या चर्चेतील जुना विषय आहे. तेल काढले जाते तसा भूस्तरातील दाब कमी होतो. पाणी सोडून तो टिकवावा लागतो. सुरुवातीस उत्पादन वेगाने वाढवावे की दाब सांभाळत एकूण प्राप्ती वाढवावी, हा खरा धोरणात्मक पर्याय असतो. मुंबई हायचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिखरावर पोहोचले व नंतर घटू लागले. २००० नंतर पुनर्विकासाच्या योजना राबवल्या गेल्या, नव्या विहिरी खोदल्या गेल्या आणि घट काही काळ रोखली गेली. २७ जुलै २००५ रोजी एक सहाय्यक जहाज उत्तर क्षेत्रातील मंचावर आदळून लागलेल्या आगीत मंच नष्ट झाला आणि २२ जणांचा मृत्यू झाला. जुन्या क्षेत्रातून उत्पादन चालू ठेवण्याची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही, हे त्या दिवशी दिसले.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून ब्रिटनमधील बीपी या कंपनीची निवड केली. क्षेत्राची मालकी व कामकाजाचे नियंत्रण ओएनजीसीकडेच राहील आणि वाढीव उत्पादनाच्या महसुलातील हिस्सा बीपीला मिळेल, अशी ही रचना आहे. कौशल्य बाहेरून आणायचे, पण क्षेत्र द्यायचे नाही, असा हा मधला मार्ग होय.

किंमत कोणी ठरवायची

१ एप्रिल २००२ रोजी नियंत्रित किंमत पद्धती औपचारिकरीत्या संपुष्टात आली. प्रत्यक्षात पेट्रोलची किंमत जून २०१० मध्ये व डिझेलची ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजाराशी जोडली गेली, आणि जून २०१७ पासून देशभर दररोज दर बदलू लागले. मधल्या काळात नियंत्रणाचा फटका खासगी कंपन्यांना बसला. सरकारी कंपन्यांना तोट्याची भरपाई मिळत असे, खासगी कंपन्यांना नाही. म्हणून २००८ मध्ये रिलायन्सने आपले सुमारे १,४०० पेट्रोल पंप बंद केले होते.

दर मुक्त झाल्यानंतरही कंपन्यांना पूर्ण मोकळीक मिळाली असे नाही. एप्रिल २०२२ पासून आंतरराष्ट्रीय भाव चढे असताना तिन्ही सार्वजनिक कंपन्यांनी पंपावरील मूळ दर दीर्घकाळ स्थिर ठेवले. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत हिंदुस्तान पेट्रोलियमला सुमारे १०,१९७ कोटी, भारत पेट्रोलियमला सुमारे ६,२९१ कोटी आणि इंडियन ऑइलला सुमारे १,९९३ कोटी रुपये तोटा झाला. या आकड्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. तिघांत सर्वांत लहान असलेल्या कंपनीला सर्वाधिक तोटा झाला, कारण हिंदुस्तान पेट्रोलियम जितके इंधन स्वतः शुद्ध करत होती त्याहून बरेच अधिक विकत होती. कमी पडणारे इंधन तिला बाजारभावाने विकत घ्यावे लागे. इंडियन ऑइलकडे शुद्धीकरणाची मोठी क्षमता होती, त्यामुळे शुद्धीकरणातील वाढलेल्या नफ्याने विपणनातील तूट बरीचशी भरून निघाली.

पुढील आर्थिक वर्षात, २०२३-२४ मध्ये, कच्च्या तेलाचे भाव उतरले, पण पंपावरील दर मार्च २०२४ पर्यंत तसेच राहिले, आणि तिन्ही कंपन्यांचा एकत्रित नफा ८०,००० कोटी रुपयांच्या पुढे गेला. प्रथम ग्राहकाचा भार कंपनीने वाहिला आणि मग कंपनीचा ग्राहकाने. या पद्धतीचा गुण असा, की दरांतील चढउतार जनतेला जाणवत नाहीत. दोष असा, की कंपनीच्या नफ्यावरून तिच्या निर्णयांची गुणवत्ता ओळखता येत नाही.

शुद्धीकरण व विपणन यांतील ही तफावत कमी करण्यासाठी हिंदुस्तान पेट्रोलियमने विशाखापट्टणम येथील कारखान्याचा विस्तार केला आणि राजस्थानातील पचपदरा येथे राज्य शासनाच्या भागीदारीत वार्षिक ९० लाख टन क्षमतेचा कारखाना हाती घेतला. मुंबईतील कारखान्यांची अडचण वेगळी आहे: कारखाने बांधले तेव्हा शहराबाहेर होते, आता ते शहराच्या आत आहेत. तेथे मोठी वाढ शक्य नाही आणि माहुल परिसरातील हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे.

रत्नागिरी प्रकल्प

मुंबईत जागा नाही आणि पश्चिम किनाऱ्यावर मोठा कारखाना हवा, या गरजेतून रत्नागिरी तेलशुद्धीकरण व पेट्रोरसायन प्रकल्प पुढे आला. सप्टेंबर २०१७ मध्ये इंडियन ऑइल (५० टक्के), भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम (प्रत्येकी २५ टक्के) यांनी त्यासाठी संयुक्त कंपनी स्थापन केली. वार्षिक क्षमता ६ कोटी टन आणि खर्च सुमारे ३ लाख कोटी रुपये अपेक्षित होता. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामको आणि जूनमध्ये अबू धाबीची अॅडनॉक यांनी भागीदारीसाठी करार केले. तेल उत्पादक देशांना हमखास गिऱ्हाईक आणि भारतीय कंपन्यांना हमखास पुरवठा, असा हा व्यवहार होता.

प्रथम निवडलेली जागा राजापूर तालुक्यातील नाणार परिसरात होती. आंबा व काजूच्या बागा आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांनी तीव्र विरोध केला, राजकीय पक्षांनी भूमिका बदलल्या आणि मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. २०२२ मध्ये त्याच तालुक्यातील बारसू-सोलगाव परिसर सुचवण्यात आला. एप्रिल २०२३ मध्ये तेथे माती परीक्षण सुरू होताच आंदोलन झाले. त्या सड्यावरील प्राचीन कातळशिल्पे हाही वादाचा विषय ठरला. कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्या यादीत बारसूचा समावेश आहे. दरम्यान भारत पेट्रोलियमने डिसेंबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर नव्या कारखान्याच्या पूर्वतयारीसाठी सुमारे ६,१०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला.

व्यवस्थापनशास्त्राच्या दृष्टीने हा प्रकल्प एका विशिष्ट चुकीचे उदाहरण म्हणून अभ्यासता येतो. सर्व मागणी एकाच प्रचंड कारखान्यातून भागवल्यास प्रतिटन खर्च कमी येतो, परंतु हजारो एकर सलग जमीन लागते. ज्या कोकणात जमिनीची मालकी लहान तुकड्यांत विभागलेली आहे आणि बहुतेक घरांतील कोणी ना कोणी मुंबईत नोकरीला असल्याने बातमी व संघटन दोन्ही वेगाने पोहोचते, तेथे आकाराचा फायदा हाच अडसर ठरला. खर्चाच्या तक्त्यात गावकऱ्यांची संमती हा आकडा नव्हता.

इथेनॉल: मनमाडचे आगार आणि संगमनेरची आसवनी

स्वतः तयार करावे की विकत घ्यावे, हा प्रश्न इथेनॉलच्या बाबतीत सर्वांत ठळकपणे समोर येतो आणि महाराष्ट्रात तो थेट ऊस उत्पादकाच्या शेताशी जोडलेला आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये तीन ठिकाणी झाले. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन महाराष्ट्रात होती, तिसरे उत्तर प्रदेशात. मनमाडच्या निवडीमागील सोय सहज लक्षात येते. भारत पेट्रोलियमची सुमारे २५० किलोमीटर लांबीची नळवाहिनी मुंबईच्या कारखान्यातून मनमाडपर्यंत येते, पानेवाडी परिसरात मोठी इंधन आगारे आहेत आणि दक्षिणेस गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांची दाट रांग आहे. आशियातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा प्रवरानगरचा कारखाना याच पट्ट्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला. प्रवरेच्याच काठी, वरच्या अंगाला, संगमनेर आहे. तेथील अमृतनगर येथे सहकारमहर्षी भाऊसाहेब थोरात सहकारी साखर कारखाना असून साखरेसोबत सहवीजनिर्मिती व आसवनी हे त्याचे जोडव्यवसाय आहेत. संगमनेर ते मनमाड हे अंतर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर भरते.

इथेनॉल पाणी शोषून घेते. मिश्रणात पाणी वाढले, तर ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून मिश्रण मुंबईत करून नळवाहिनीतून पाठवले जात नाही. पेट्रोल नळवाहिनीने येते, इथेनॉल टँकरने येते आणि दोन्ही आगारात मिसळली जातात. एवढ्या एका रासायनिक गुणधर्मामुळे तेल कंपन्यांना आसवनींच्या जवळची आगारे, साठवण टाक्या आणि टँकरची वाहतूक यांभोवती खरेदीची आखणी करावी लागली.

जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण लागू झाले. पुढील दहा वर्षांत मात्र कार्यक्रम रखडला. उसाचे पीक कमी आले की मळीचा भाव वाढे आणि मद्यार्क व रसायन उद्योग अधिक दर देत. पीक वाढले की तेल कंपन्यांना पुरवठा होई. २०१३-१४ मध्ये देशातील सरासरी मिश्रण १.५ टक्क्याच्या आसपासच होते. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने इथेनॉलचा दर स्वतः निश्चित करण्यास सुरुवात केली. २०१८ मध्ये नवे जैवइंधन धोरण आले, इथेनॉलवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला, बी हेवी मळी व उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला वेगळे, चढे दर मिळाले आणि आसवनी उभारण्यासाठीच्या कर्जावर व्याजसवलत सुरू झाली. त्यानंतर मिश्रण वेगाने वाढले: जून २०२२ मध्ये १० टक्के, २०२३-२४ मध्ये १४.६ टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के.

कारखान्याच्या बाजूने पाहिल्यास या योजनेचे आकर्षण प्रामुख्याने रोख रकमेचे होते. गाळपास आलेल्या उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, १४ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. साखर मात्र गोदामात महिनोन्महिने पडून राहते आणि तिच्या तारणावर काढलेल्या कर्जाचे व्याज चढत जाते. तेल कंपन्यांचे पैसे पुरवठ्यानंतर साधारण तीन आठवड्यांत मिळतात. शिवाय साखर, बी हेवी मळी आणि रस यांपैकी काय किती वळवायचे याचा निर्णय बाजार पाहून करता येतो. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते.

तेल कंपन्यांनी स्वतःच साखर कारखाने का चालवू नयेत? हा प्रयोग झालेला आहे. हिंदुस्तान पेट्रोलियमने बिहारच्या चंपारण भागातील सुगौली व लौरिया येथील बंद कारखाने घेऊन जैवइंधनासाठी वेगळी कंपनी स्थापन केली. ती अनेक वर्षे तोट्यात राहिली. ऊस हा कच्च्या तेलासारखा जहाजाने मागवता येत नाही. तोडणीनंतर काही तासांतच त्यातील साखर घटू लागते, म्हणून लागवडीचा कार्यक्रम, तोडणी टोळ्यांची उचल, वाहतुकीच्या पाळ्या आणि सभासदांशी रोजचा संबंध हे कारखान्याचे खरे कौशल्य असते. सहकारी कारखान्याकडे ते पिढ्यांनी जमवलेले आहे. तेल कंपनीकडे नाही. त्यामुळे कंपन्यांनी मुख्यतः दर वर्षी संयुक्त निविदा काढून इथेनॉल विकत घेण्याचा मार्ग धरला. जेथे स्वतः उत्पादन करायचे तेथे त्यांनी शेतातील अवशेषांपासूनचे इथेनॉल निवडले, जसे इंडियन ऑइलचा पानिपत येथील भाताच्या पेंढ्यावर चालणारा प्रकल्प.

या निवडीचा दुसरा अर्थ असा, की आसवनीतील भांडवल व त्याची जोखीम कारखान्याकडे राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये ती जोखीम उघड झाली. पाऊस कमी झाल्याने साखरेचे उत्पादन घटण्याची भीती होती. ७ डिसेंबर रोजी केंद्र सरकारने उसाचा रस व पाक इथेनॉलसाठी वापरण्यास मनाई केली. गाळप हंगाम तेव्हा सुरू झालेला होता. आठवडाभरात आदेश शिथिल करून १७ लाख टन साखरेइतक्या वळतीस परवानगी देण्यात आली, आणि संपूर्ण निर्बंध ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस उठला. नऊ महिन्यांच्या या काळात कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. तेल कंपन्यांचे मिश्रणाचे प्रमाण मात्र घटले नाही, कारण त्यांनी खरेदी मक्याकडे वळवली. मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये दर देण्यात आला. पुरवठादार बदलता येणे, हा विकत घेण्याच्या धोरणाचा लाभ तेल कंपन्यांना येथे मिळाला. कारखान्याला ग्राहक बदलता येत नव्हता. इंधनाच्या प्रतीचे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर घेणारे गिऱ्हाईक व्यवहारतः एकच आहे.

दरांचीही अडचण आहे. एफआरपी २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये ३४० रुपये झाला. याच काळात रसापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५.६१ रुपये आणि बी हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचा ६०.७३ रुपये असा कायम राहिला. केवळ सी हेवी मळीचा दर वाढून ५७.९७ रुपये झाला. ऊस महाग होत गेला आणि त्यापासून तयार होणाऱ्या इंधनाची किंमत थांबली.

वाहनधारकाच्या बाजूनेही प्रश्न आहेत. इथेनॉलचे उष्मांकमूल्य पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, निव्वळ पेट्रोलसाठी रचना केलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी वाहनांची कार्यक्षमता २० टक्के मिश्रणामुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. त्याच अहवालात आयातीच्या खर्चातील बचत वर्षाला सुमारे ३०,००० कोटी रुपये धरली होती.

२०२५-२६ या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटरची मागणी नोंदवली, तेव्हा उत्पादकांकडून सुमारे १,७७६ कोटी लिटरचे देकार आले. झालेल्या वाटपात साखर उद्योगाचा हिस्सा सुमारे २८ टक्के होता, उरलेला धान्याधारित प्रकल्पांचा. साखर उद्योगाच्या संघटनांनी यावर हरकत घेतली. व्याजसवलतीच्या भरवशावर वाढवलेल्या आसवनी क्षमतेचा मोठा भाग त्यामुळे मागणीवाचून राहतो. मिश्रण २० टक्क्यांच्या पुढे न्यावे काय, आणि नेल्यास ऊस व मका यांतील वाटणी कोणत्या आधारावर करावी, हे तेल कंपन्यांसमोरील व शासनासमोरील प्रश्न आहेत. प्रवरेच्या काठावरील कारखान्यांना मात्र दर वर्षी ऑक्टोबरमध्ये बॉयलर पेटवण्यापूर्वीच, येत्या हंगामात किती रस आसवनीकडे वळवायचा याचा आराखडा करावा लागतो.